कुजबुजभावोजींचे पैलवान

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर छापखाना आहे, आणि त्याच्या मालकाला आवाज नाही. अगदीच नाही असं नव्हे. आहे, पण नळ सोडावा आणि करंगळीएवढीच धार यावी, तसा. भावोजी बोलतात ते समोरच्याच्या शर्टाच्या दुसऱ्या बटणापर्यंत पोचतं. तिथून कानापर्यंत न्यायचं तर ऐकणाऱ्यालाच वाकावं लागतं. त्यांना कुजबुज हे नाव मी ठेवलं. इमारतीतल्या निम्म्या लोकांची नावं मीच ठेवलीत. उरलेल्या निम्म्यांनी मिळून माझं एक ठेवलंय, ते इथे सांगायची गरज नाही.

अंगानंही भावोजी तसेच, दोरीवर वाळत घातलेल्या कागदासारखे. पंखा लावला तर हलतील. आणि त्यांची बायको बघा! आमच्या गल्लीच्या बायकांचा रस्सीखेचीचा संघ आहे, त्यात ती सगळ्यात मागे, रस्सी कमरेभोवती घेऊन उभी राहते. तिला आम्ही खुंटा म्हणतो, आणि ती ते कौतुक म्हणून घेते. खुंट्याची आई लेकीकडेच राहते. ती तोफ. तोफेनं गच्चीवरून "दूऽध!" अशी हाक मारली की पलीकडच्या गल्लीतला, दुसऱ्यांचा दूधवालासुद्धा सायकल वळवायचा.

अशा तोफेला असा जावई. मुलगा बघून आल्यावर कुणीतरी विचारलं म्हणे, "काय बोलला?" तोफ म्हणाली, "ओठ हलत होते खरे." आणि तिथल्या तिथे निकाल दिला, "ह्याला काही जमायचं नाही."

तोंडावर 'जावईबापू' आणि पाठीमागे 'ह्याला जमायचं नाही', असा संसार सुरू झाला. पाठीमागे म्हणजे स्वयंपाकघरात. पण तोफेचं स्वयंपाकघरातलं बोलणं छापखान्यात, जिन्यात आणि माझ्या न्हाणीघरात सारखंच स्वच्छ ऐकू यायचं. भावोजींनी गळका नळ बसवला, "आज नाही गळत, उद्या गळेल, ह्याला जमायचं नाही." भावोजींनी मुलीला पोहायला शिकवलं, "पोरगी हुशार म्हणून तरली." खुंटा मला एकदा कपडे वाळत घालताना म्हणाली, "ह्यांना दुसरं काही नको गं. आईनं एकदा 'जमलं' म्हणावं, बास."

"मग सांग की तिला."

"सांगितलं. म्हणाली, आधी जमू तर दे."

आता पैलवानांबद्दल सांगते. छापखान्याच्या मागच्या खोलीत लाकडाचं एक बुटकं कपाट आहे. वरच्या खणांत शिशाचे बारीक खिळे, म्हणजे छापायची सुटी अक्षरं, पत्रिका-पावत्यांसाठी. खालच्या रुंद खणांत लाकडी ठसे, एकेक विटेएवढा. त्यांवर जी अक्षरं आहेत तीच हे पैलवान. डोक्यावरची रेघ अंगठ्याएवढी जाड. काना खाली येतो तो निमुळता होत नाही. दुसऱ्या अक्षरांचे पाय टोकाला बारीक होतात, नाचायला निघाल्यासारखे, पण ह्यांच्या पायांत चौकोनी बूट. विटेवर वीट ठेवावी तशी टाच. ही अक्षरं कागदावर उभी राहत नाहीत, ठाण मांडतात. नाजूक अक्षर बघितलं की वाटतं, वारा आला तर ह्याचं काय होईल? पैलवान बघितला की वाऱ्याची काळजी वाटते.

ठसे मोजकेच. काही अक्षरं दोन आहेत, काही एकटीच. त्यामुळे ह्यांत लांबलचक मजकूर जुळत नाही. मी एकदा वाकून ऐकलं तेव्हा भावोजी म्हणाले, "ह्यांना दोन शब्द द्यावेत वहिनी. तिसरा दिला की आपसांत मारामारी."

गल्लीत जिथे जिथे लांबून वाचायचं असतं तिथे पैलवान असतात. सेल. लिलाव. सर्कस आली. कुत्रा हरवला. पुढे खड्डा. माणूस चालत्या बसमधून वाचतो आणि वाचण्याआधी ऐकतो. मी एकदा गंमत म्हणून 'बसू नका' असा एक पुठ्ठा छापून घेतला आणि बागेतल्या अगदी धडधाकट बाकावर ठेवला. आठवडाभर कुणी बसलं नाही. मी एकटीच संध्याकाळी ऐसपैस पाय पसरून बसायचे, आणि येणारेजाणारे माझ्याकडे दयेनं बघायचे.

पण सगळ्याच ठिकाणी पैलवान चालत नाहीत, हेही खरं. एका हौशी वरबापानं पोराच्या लग्नपत्रिकेवरचं 'लग्न आहे!' ह्याच अक्षरांत हवं म्हणून हट्ट धरला. भावोजींनी दोनदा नको म्हटलं. ते त्याच्या दुसऱ्या बटणापाशीच राहिलं. पत्रिका गेल्या. पाहुणे एकजात वेळेवर हजर, नव्हे, वेळेच्या आधी, घाबरेघुबरे. दोघे तर लिलावाची नोटीस समजून घराची कागदपत्रं घेऊन आले होते.

तर गेल्या हिवाळ्यात तोफेच्या घशाचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. डॉक्टर म्हणाले, उरलाय तेवढा जपून वापरा. उरला होता तो भावोजींच्यापेक्षाही कमी. दूधवाला आपल्याच गल्लीत राहायला लागला. खुंटा माझ्याकडे येऊन बसायची, "घरात घड्याळाची टिकटिक ऐकू येते गं. एवढ्या वर्षांत घड्याळ वाजतं हेच माहीत नव्हतं." तोफ खिडकीशी खुर्ची टाकून बसायची आणि रस्त्याकडे बघायची. मी तिला मुद्दाम दोन-तीन खोट्या बातम्या सांगितल्या, भांडावी म्हणून. तिनं नुसती मान हलवली. तेव्हा मात्र माझंही धाबं दणाणलं.

भावोजींनी मग तिच्यासाठी कार्डं छापली. आजारी माणूस म्हणून वरच्या खणातली तिरकी, लवलवती अक्षरं निवडली, कडेला वेलबुट्टी. 'कृपया चहा द्यावा.' 'कृपया दार लावावे.' मी समोरच होते. तोफेनं कार्ड हातभर लांब धरलं, मग नाकाशी धरलं, मग जावयाला बोटानं जवळ बोलावलं. तो वाकला. ती त्याच्या कानात म्हणाली, आणि मी माझा कान मध्ये घातला म्हणून मला कळलं:

"जावईबापू, ही कोण बाई? मी नव्हे. ही तर खोकतेय."

आणि कार्डं खिडकीबाहेर. 'कृपया' हा शब्द तिनं जन्मात वापरला नव्हता, ही भावोजींची दुसरी चूक.

भावोजी खाली गेले. दुपारभर यंत्राची खटपट ऐकू येत होती. संध्याकाळी ते एक पुठ्ठा घेऊन वर आले आणि तो सासूच्या मांडीवर ठेवला. पैलवानांत, काठोकाठ: 'चहा!'

 पुठ्ठा दोन्ही हातांत धरून तोफेनं स्वयंपाकघराच्या दाराकडे उंच केला. खुंटा हात पुसत बाहेर आली, तिनं बघितलं आणि तोंडातून निघून गेलं, "अगं आई, आणते ना! ओरडतेस कशाला!"

बोलली आणि जागच्या जागी थांबली. मग हसायला लागली, मग रडायला, मग चहा ठेवायला गेली. तोफ पुठ्ठ्यावरून बोट फिरवत होती, अक्षरांच्या चौकोनी टाचांवरून. जावयाला काही म्हणाली नाही. पण 'जमायचं नाही' असंही म्हणाली नाही, हे मी टिपून ठेवलं.

त्यानंतर घरात पुन्हा वर्दळ सुरू झाली. 'दार!' 'पंखा!' 'कोण आलंय?' एक पुठ्ठा खास माझ्यासाठी होता, 'पुरे!' तो तिच्या उशाशीच असायचा.

आता रस्सीखेच. दरवर्षी गल्ल्यागल्ल्यांच्या बायकांचे सामने होतात, आणि दरवर्षी आमची गाठ लाँड्रीवाल्यांशी पडते. ओल्या चादरी पिळून पिळून त्या बायकांचे हात म्हणजे वळलेले दोरखंडच. आमच्याकडे ताकद कमी, पण तोफ होती. संघाच्या शेजारी उभी राहून हाळी द्यायची: "धरा" म्हटलं की टाचा रोवून तसंच थांबायचं, दम घ्यायचा, "ओढा" म्हटलं की सगळ्यांनी एकदम. आणि शेवटी "सोडा" म्हटलं की सगळ्यांनी एकाच वेळी हात काढायचे, नाहीतर एखादी तोंडावर पडते. मी तिसरी उभी असते. माझं वजन विचारू नका, रस्सीला माहीत आहे.

तोफ गप्प झाल्यावर संघाची बैठक बसली. कुणीतरी म्हणालं, हाळी आता हिला द्यायला लावू. हिला म्हणजे मला. "जिभेला हाड नाहीच, होऊ दे उपयोग." तोफेला मैदानाच्या कडेला खुर्ची, अंगावर शाल आणि हातात लिंबूसरबताचा पेला. खुंटा संघाची कप्तान. ती आईच्या तोंडाकडे बघेना.

भावोजी दारात उभे होते. त्यांनी काहीतरी म्हटलं. कुणाला ऐकू गेलं नाही. मग ते आत आले आणि टेबलावर तीन मोठे पुठ्ठे ठेवले, प्रत्येकाला खाली लाकडी दांडा: 'धरा', 'ओढा', 'सोडा'.

"आईच देतील हाळी," असं त्यांनी खुंट्याच्या कानात म्हटलं आणि तिनं ते मोठ्यांदा सांगितलं.

तोफेनं पुठ्ठे बघितले, जावयाकडे बघितलं. मग 'धरा'चा दांडा हातात घेतला. पैजच होती म्हणा ना. जमलं तर तोफ रस्सीशेजारी उभी. नाही जमलं तर शाल, सरबत आणि आयुष्यभराचं 'मी म्हटलंच होतं'.

सराव झकास झाला. मैदानाच्या कडेच्या झाडाला रस्सीचं दुसरं टोक बांधलं होतं. तोफ पुठ्ठा वर करायची आणि आमचे पाय आपोआप रोवले जायचे. विचार करावाच लागायचा नाही. घाम डोळ्यांत गेला तरी पैलवान दिसायचे. आमचे वाकडे उभे राहिलेले पाय आणि त्या अक्षरांचे पाय, दोन्ही सारखेच दिसायला लागले. भावोजी लांबून बघत आणि रुमालानं स्वतःचेच तळहात पुसत.

त्याच दिवसांत छापखान्यात एक चोरी झाली. चोरी म्हणजे, गेलं काहीच नव्हतं. भावोजी जिन्यात मला थांबवून कुजबुजले, "वहिनी, माझ्या खणांना हात लावलात?"

"मी? मी कशाला?"

"सगळ्यात मोठा 'ज' ओला आहे. शाई लागलीय. त्याची गरज पडली नव्हती कित्येक दिवस. आणि 'म' भलत्याच कप्प्यात."

"उंदीर असतील."

"उंदीर शाई पुसत नाहीत. ह्यानं अर्धवट पुसलीय."

बाकाचं प्रकरण त्यांच्या लक्षात होतं, त्यामुळे संशय माझ्यावर. मी आयुष्यात पहिल्यांदा निर्दोष होते आणि कुणी विश्वास ठेवीना. त्या दिवशी सरावाला तोफ पूर्ण बाह्यांचा झगा घालून आली होती, एवढ्या उन्हात, हे मला दिसलं. पण मी आपल्याच दुःखात होते.

सामन्याचा दिवस. मैदान भरलेलं. पंच म्हणजे शाळेचे ड्रिलमास्तर, गळ्यात शिट्टी. तीन डाव, दोन जिंकेल तो संघ. समोर लाँड्रीवाल्या बाह्या सरसावून. तोफ आमच्याकडे तोंड करून उभी राहिली, पाठ त्यांच्याकडे.

शिट्टी. 'ओढा!' आम्ही ओढलं. हातभर रस्सी आमच्याकडे आली. 'धरा!' आम्ही टाचा रोवून दम घेतला, आणि नेमकं त्याच क्षणी लाँड्रीवाल्यांनी असा हिसका दिला की मी दुसरीच्या पाठीवर गेले. पुन्हा 'ओढा!' तर समोरच्या आधीच घट्ट. पुन्हा 'धरा!' की हिसका. जणू त्यांना आमचं मन वाचता येत होतं. बघता बघता डाव गेला.

"हे कसं झालं?" खुंटा जमिनीवर बसूनच ओरडली.

मी पुठ्ठ्याकडे बघितलं आणि मला घेरी यायची बाकी राहिली. भावोजींनी पुठ्ठे दोन्ही बाजूंनी छापले होते! पुढे 'धरा', मागेही 'धरा'. छापणाऱ्या माणसाला कोरी पाठ बघवत नाही. त्याच्या लेखी कोरा कागद म्हणजे अर्धवट जेवलेलं ताट. सरावात कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण समोर झाड होतं, आणि झाडाला वाचता येत नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आम्ही हात नव्हे, पुठ्ठेच दाखवत होतो.

भावोजी पांढरेफटक पडले. ते सासूसमोर जाऊन उभे राहिले, मान खाली. मला वाटलं, आलं आता ते वाक्य. तिला कुजबुजावं लागलं तरी ती ते म्हणेलच.

तोफेनं पुठ्ठ्याची पुढची बाजू बघितली. मागची बघितली. लाँड्रीवाल्यांकडे बघितलं. आणि तिच्या तोंडावर जे हसू आलं, ते ऑपरेशनच्या आधीचं होतं. तिनं जावयाच्या खिशाकडे बोट दाखवलं. तिथे नेहमी सुतळीची गुंडी असते, ठसे बांधायची. तिनं 'ओढा'चा पुठ्ठा घेतला, त्याच्या पाठीला 'सोडा'चा लावला आणि दोन्ही एकत्र आवळून बांधले.

दुसरा डाव. दोन्हीकडून ताण. लाँड्रीवाल्यांचे डोळे पुठ्ठ्यावर, आता काय येतंय म्हणून. तोफेनं हात वर केला. आम्हाला दिसलं 'ओढा!' त्यांना दिसलं 'सोडा!'

त्या काही खुळ्या नव्हत्या. पण ती अक्षरं अशी आहेत की माणूस आधी ऐकतो आणि मग विचार करतो. चौघींचे हात सुटले, पाचवी "अगं धरा, धरा!" म्हणून किंचाळली, तोवर आम्ही सगळ्याजणी एकमेकींवर ढीग होऊन पडलो होतो आणि रस्सी आमच्या अंगावर होती.

मैदानात नुसता गोंधळ. लाँड्रीच्या मालकीणबाई कमरेवर हात ठेवून आल्या, "मास्तर, ही फसवणूक आहे!"

"ते पुठ्ठे तुमच्यासाठी होते का?" मी म्हटलं. "दुसऱ्याची पत्रं वाचू नयेत."

मास्तरांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली. "समोरच्या संघाशी बोलायचं नाही असा नियम आहे," ते म्हणाले. "लिहायचं नाही असा नाही. दुसरा डाव ह्यांचा. पण तिसऱ्याला पाठ कोरी पाहिजे."

भावोजींनी स्वतःच्या हातानं प्रत्येक पुठ्ठ्याच्या पाठीवर कागद चिकटवला, कोरा. जड गेलं बिचाऱ्याला.

तिसरा डाव सरळ झाला. त्यांची ओरडणारी ओरडत होती, आमची तोफ पुठ्ठे वर-खाली करत होती, एकदाही चुकली नाही. 'धरा.' 'धरा.' 'ओढा!' खुंटा मागे अशी रोवली गेली होती की तिच्या टाचांनी जमिनीत चौकोन पडले. किती वेळ गेला कोण जाणे, आभाळ, रस्सी आणि ती जाड अक्षरं, एवढंच दिसत होतं. आणि मग इंचाइंचानं, त्यांच्या चादरी पिळणाऱ्या हातांनी आम्हाला ओढून नेलं. वीतभरानं हरलो. तोफेनं 'सोडा' दाखवलं आणि आम्ही सगळ्यांनी एकदम सोडली. एकही तोंडावर पडली नाही.

आम्ही मातीत बसलो होतो. भावोजी लांब, कुंपणापाशी, मैदानाकडे पाठ करून उभे होते. हरल्याचं खापर स्वतःच्या डोक्यावर फोडून घ्यायची त्यांना सवय होती, म्हणजे दुसऱ्यांना कष्ट नकोत.

तेव्हा तोफेनं झग्याच्या आतून एक चौथा पुठ्ठा काढला. घडी पडलेला, कडेला शाईचे बोटांचे ठसे. तिनं बाही मागे सारली, तर हात कोपरापर्यंत शाईनं काळा! एवढे दिवस ज्या चोरीसाठी मी बदनाम होते, तो चोर माझ्यासमोर उभा होता. तिनं पुठ्ठा डोक्यावर धरला आणि लेकीला ढोसलं. खुंटा ओरडली, "अहो! इकडे बघा!"

सगळ्या मैदानानं बघितलं. पैलवानांत, काठोकाठ, थोडं तिरकं:

'!लंमज'

"लंमज?" मी म्हटलं. "कुठल्या गल्लीचा संघ?"

"औषधाचं नाव असेल," लाँड्रीवाली म्हणाली.

मास्तरांनी चष्मा लावून बघितलं, काढून बघितलं.

भावोजी मात्र क्षणभरसुद्धा अडखळले नाहीत. हा माणूस आयुष्यभर ठसे उजवीकडून डावीकडे वाचत आलाय. नवख्यानं जुळवताना ठसे वाचायच्या क्रमानं डावीकडून लावले की कागदावर शब्द उलटा उमटतो. हे त्यांना झोपेत कळतं. तोफेनं जावई दुपारी आडवा झालेला बघून, एकटीनं खण उपसून, एकेक वीट उचलून आपल्या परीनं जुळवलं होतं. सामन्याच्या कितीतरी आधी. हरणार की जिंकणार, हे ठाऊक नसताना.

भावोजी चालत आले. सासूसमोर उभे राहिले. त्यांचे ओठ हलले. काय म्हणाले ते मला शेजारी असून ऐकू आलं नाही, आणि मी प्रयत्न केला नाही असं समजू नका. पण तोफेला ऐकू गेलं असावं, कारण त्यासाठी ती वाकली होती. मग तिनं माझ्याकडे बघून 'पुरे!'चा पुठ्ठा शोधायला हात पुढे केला.

आता तो उलटा पुठ्ठा छापखान्यात दर्शनी भिंतीवर आहे. गिऱ्हाइकं विचारतात, लंमज काय भाव आहे? लाँड्रीच्या मालकीणबाई पुढच्या वर्षासाठी त्याच अक्षरांत पुठ्ठे करून मागायला आल्या होत्या. तोफेनं वरच्या खिडकीतून 'नाही!' दाखवलं आणि त्या आल्या पावली परत गेल्या. तोफेला तो शब्द सरळ करून पुन्हा छापायचाय, चूक भिंतीवर राहिलेली तिला खपत नाही. पण त्या मापाचा 'ज' एकच आहे, आणि तो भावोजींनी कुठे ठेवलाय ते सांगत नाहीत. मी विचारलं, तर काहीतरी कुजबुजले आणि खिशावर हात ठेवला. खिसा विटेएवढा फुगलेला. त्यामुळे हल्ली आमच्या गल्लीत कुठल्याच दुकानात 'जंगी सेल' लागत नाही. 'मोठा सेल' लागतो, आणि लोक त्यावर भागवून घेतात.